ड्रुसिलाने पुरलेला नवरा

पाइनफर्ड, ऑरेगन
४ मार्च १९५८

ती. हल्डाआत्यास,
व्हर्नाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, फक्त माझी पणजी, म्हणजे तुझी आजी सोडून. तिच्या नावाची शिळा कोर्टासमोर बसणार, हे तुला कळलंच असेल. ‘वाटेत पतीला मूठमाती देऊन, दोन लेकींसह १८५२ साली एकटी बैलगाडी हाकत आलेली धीरोदात्त विधवा, ड्रुसिला.’ माझं भाषण ठरलंय, म्हणून तिचे ते पहिले यजमान ओबेड नेमके कुठे वारले ते विचारायला मी त्यांच्या मूळ गावी, आयोवाला पत्र टाकलं. उत्तर आलं, की ते तिथेच वारले, १८८९ साली. मागे दुसरी बायको आणि सहा मुलं. त्याच दफनभूमीत पणजीच्या नावाचाही दगड आहे, पटकीने वारली म्हणून.

म्हणजे तिथल्या लेखी ती मेलेली, इथल्या लेखी तो मेलेला, आणि दोघंही ठणठणीत. मग तिने इथे येऊन पणजोबा सायलसशी लावलेलं दुसरं लग्न कसलं? आणि त्या लग्नातून झालेले तुझे वडील कोण?

शिळा समितीच्या अध्यक्ष लेनोराबाई म्हणाल्या, की दगड कोरून झालाय, आता तोंड मिटायचं. त्या शाळेच्या मंडळावरही आहेत. आम्हा मास्तरणींच्या नेमणुका एप्रिलमध्ये ठरतात, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

काय करू ते कळव. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भाची,
व्हर्ना

बॉयसी, आयडाहो
१२ मार्च १९५८

चि. व्हर्नास,
अनेक आशीर्वाद.

मला सगळं ठाऊक आहे. मी अकरा वर्षांची असताना आजीने कोंबडी सोलता सोलता सांगितलं होतं. अर्ध्या वाटेत, प्लॅट नदीपाशी ओबेडची हिंमत खचली. गाडी फिरव म्हणाला. ही म्हणाली, बैल माझ्या बापाचे आहेत, तुम्ही तुमचे पाय फिरवा. तीन दिवस दोघं तोंड फुगवून बसले. मग ठरलं, की कुणी विचारलं तर दुसरा मेला म्हणून सांगायचं. आजी म्हणायची, अख्ख्या संसारात आमचं एवढं एकमत कधी झालं नव्हतं.

तो खेचरावर बसून गेला, टोपी विसरून. मुली बापासाठी रडायच्या थांबेनात. तेव्हा आजीने खड्डा खणला, टोपी पुरली, प्रार्थना म्हटली आणि तुमचा बाप गेला म्हणून सांगितलं. थोरलीने वर काटक्यांचा क्रूस रोवला. सगळ्या खोट्यात तेवढ्याचीच आजीला लाज वाटायची. सांगताना तिचे हात थांबले होते.

बाबांना कुणी अनौरस म्हणू नये, म्हणून सत्तर वर्षं मी गप्प राहिले. ते आता देवाघरी आहेत, तिथे दाखले बघत नसावेत. तुला वाटेल ते कर. लेनोराच्या आजेसासऱ्यांना घोडाचोरीपायी गाव सोडावं लागलं होतं, हे सहज सांगून ठेवते.

जपून राहा, पण फार नको.
तुझी आत्या,
हल्डा

पाइनफर्ड
२ मे १९५८

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी भाषणात सगळं सांगून टाकलं, टोपीसकट. घोड्यांचं मात्र गिळलं. मग पहिल्या रांगेतून लेनोराबाईंच्या नव्वदीतल्या सासूबाईंनी मोठ्याने विचारलं, की नवऱ्याला परत पाठवायची ही सोय आमच्या वेळी बंद का झाली होती. बायका हसल्या, पुरुषांनी बूट न्याहाळले. क्रूस रोवणाऱ्या त्या थोरलीची नात मात्र उठून माझ्याकडे आली. तिची आजी मरेपर्यंत बापासाठी प्रार्थना करायची, एवढंच बोलली आणि माझा हात धरून बसली.

समिती परवा तीन तास भांडली. जुना मजकूर तासून काढला. आता नावाखाली एकच ओळ राहील: ‘ती मागे फिरली नाही.’

माझ्या नेमणुकीचं पत्र आलेलं नाही. येईल असं वाटत नाही. मागची खोली झाडून ठेव, आणि मी आल्यावरही हीच माया टिकव.
तुझी,
व्हर्ना