सुईवरचा चतुर आणि घोट्यावरची जळू

ती. दादांना,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला थांबला असेल. इकडे मी बरा आहे. (म्हणजे सकाळचंच संध्याकाळी गरम करून खाण्याइतका बरा आहे.) तुमची धाकटी बहीण रागावून तुमच्याकडे आली, त्याला आठवडा होत आला. तिनं तिची बाजू सांगितली असेलच, आणि ती खरीच असेल. माझीही कळावी एवढ्यासाठी हे पत्र. दुसरा काही हेतू नाही.

निवृत्तीनंतर माणसानं काहीतरी धरावं म्हणतात. मी चतुरांचा, म्हणजे पाण्याकाठी भिरभिरणाऱ्या त्या चार पंखांच्या किड्यांचा, नाद धरला. जंगलातल्या ओढ्याकाठी मी चिखलात पोटावर पडून कॅमेरा रोखतो आणि ही मागे घडीच्या खुर्चीवर तुमच्या नातवाचा स्वेटर विणते. (त्या घामट जंगलात लोकर कशाला, असं मी एकदा विचारलं. "तुमच्या किड्यांकडे नुसतं बघत बसायला मला वेड लागलेलं नाही," असं उत्तर मिळालं.) चतुराला उंच, मोकळं टोक आवडतं आणि उडाला तरी फिरून तो तिथंच येतो, हे तुम्हाला ठाऊक नसेल. मलाही पुस्तकातच ठाऊक होतं. त्या दिवशी ज्या लाल चतुरासाठी मी महिनाभर चिखल खाल्ला, तो माझ्यासमोरच्या सगळ्या काड्या सोडून हिच्या विणायच्या सुईवर जाऊन बसला.

मी म्हटलं, "हलू नकोस." ती हलली नाही. सुई गुडघ्याच्या वर अधांतरी धरून, श्वासही बेतानं घेत बसली. मी लेन्स बदलली, बॅटरी बदलली, या बाजूनं फोटो काढले, त्या बाजूनं काढले. मधेच तिच्या चपलेच्या पट्ट्यावर जळू दिसली. सांगावं, असं मनात आलं. पण सांगितलं तर ही उडी मारणार आणि चतुर जाणार. तेवढ्यात प्रकाशही छान पडला.

जळू तिला नंतर सापडली आणि तिनं ती मुकाट्यानं काढून टाकली. प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण घरी मोठ्या पडद्यावर फोटो दाखवायची मला कोण हौस. पहिल्या फोटोत जळू पट्ट्यावर, पुढच्यात घोट्यावर, त्यापुढच्यात आणखी वर आणि टम्म फुगलेली. "म्हणजे तुम्हाला दिसत होती," एवढंच ती म्हणाली. मी म्हणालो, "सांगितलं असतं तर तो उडाला असता ना." दादा, याहून वाईट उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. तिला परत पाठवा. (वर हे लिहायला हात धजेना.) मी म्हटल्याचं कळू देऊ नका. स्वेटरची लोकर इथंच राहिली आहे, ती आणायला म्हणून पाठवा.

पुन्हा ता. क. तिची एक सुईही इथंच आहे. काल अंगणात ती उभी धरून बसलो. चतुर आला, बसलासुद्धा. पण जरा वेळात माझा खांदा भरून आला, हात लटपटला आणि तो गेला. मग ते फोटो पुन्हा उघडून पाहिले. एकाही फोटोत तिचा हात हललेला नाही. मी आजवर नुसता चतुरच बघत होतो.

शेवटचा ता. क. एवढं मात्र तिला माझ्या नावानं सांगा. पुढच्या वेळी खुर्चीवर मी बसेन, अनवाणी. सुई मी धरेन, कॅमेरा तिच्याकडे. जळू चढताना दिसलीच, तर मला सांगायची काही गरज नाही.