आभाळाचा तागा नापास

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे आणि भावजींचा खोकला आपापल्या मर्यादेत असतील असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक. फक्त माझ्या नजरेपुढे आठवडाभर काळे ठिपके फिरताहेत. त्यांचं कारण स्वतः शोधून काढल्याशिवाय डॉक्टरची पायरी चढायची नाही, असा माझा निश्चय आहे. (तू डोळ्यांच्या दवाखान्यात तीस वर्षं परिचारिका होतीस, लगेच ‘चल’ म्हणशील, म्हणूनच कळवलं नव्हतं.)

सुरुवात गिरणीत झाली. तुला ठाऊकच आहे, सव्वीस वर्षं मी तपासणीच्या टेबलावर पांढऱ्या कापडातले डाग हुडकतोय. सोमवारी एकाच विणकराचे अकरा तागे मी डागी म्हणून नापास केले. तो आला, कापडाला नाक लावून बघितलं आणि म्हणाला, “साहेब, डाग दाखवा तरी.” मी बोट ठेवायला जावं, तर डाग पुढे सरके! मग चष्मा धुतला, दिवा बदलला, खिडकीच्या काचा पुसून घेतल्या (कोणी ऐकेना, मीच पुसल्या). शेवटी त्यानं मला दंडाला धरून आवारात नेलं. “आता वर बघा.” आभाळभर तेच ठिपके! आभाळ काही त्याच्या मागावर विणलेलं नव्हतं. मी निमूटपणे अकराही तागे पास केले आणि त्याची माफी मागितली. फार लाज वाटली, ताई.

तेव्हापासून शोध चालू आहे. हिच्या मते साखर वाढली असणार, शेजारच्या मास्तरांच्या मते रक्तदाब. मेव्हणा म्हणतो अर्धशिशी (माझं डोकं फक्त तो आल्यावर दुखतं). चष्मेवाला म्हणाला, वयानं डोळ्यातला गर आकसतो, त्यातल्या गुठळ्यांच्या सावल्या दिसतात, बहुधा निरुपद्रवी. पण ठिपके एकदम वाढले तर घरी बसू नका. त्यातलं ‘निरुपद्रवी’ तेवढं मी लक्षात ठेवलंय. निश्चय कायम आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. काल ठिपके एकदम दुप्पट झाले. डोळे मिटले तरी कडेला वीज चमकते. चष्मेवाल्याला सांगितलं नाही, उगाच बोलला असता.

ता. क. २. हे लिहिता लिहिता उजव्या डोळ्यात कोपऱ्यातून काळा पडदा उतरायला लागलाय. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच कापड कुठलं ते ओळखता येत नाही. ताई, मला भीती वाटतेय. हे पत्र घेऊन तोच विणकर तुझ्याकडे आलाय, गाडी तुझ्या दाराशी थांबवलीय. मी इकडे घरी चपला घालून बसलोय. तू येऊन फक्त ‘चल’ म्हण.