बर्फाची बादली

१२ एप्रिल

चि. सौ. चिंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. तुला कमी ऐकू यायला लागल्यापासून फोनवर इतकं ओरडावं लागतं की तुझ्याआधी सगळ्या गल्लीला बातमी कळते. त्यापेक्षा हे कागदाचं बरं.

उन्हाळा सुरू झाला आणि इथे राहणं म्हणजे नाक दाबून राहणं झालंय. जिन्यात संध्याकाळी सगळी बिऱ्हाडं बसून कलिंगड खातात. मलाही फोड देतात, घ्यावी लागते. पण रस पायऱ्यांवर सांडतो, वाळतो, आणि सकाळी चपला अशा चिकटतात की पाय वर येतो, चप्पल खालीच. माश्यांचं तर विचारू नकोस. वरची नर्स रात्रपाळीहून आली की कपडे धुते आणि न पिळता वाळत घालते. ते पाणी ठिबकतं नेमकं माझ्या खिडकीत, शिवणाच्या मशीनवर. मी ओरडले की ती वरून विचारते, अक्का, चहा टाकू का?

आणि खालचा न्हावी! सलूनमध्ये इतकं उकडतं म्हणून बर्फाची लादी आणून बादलीत टाकतो आणि गिऱ्हाईक नसलं की त्यात पाय सोडून बसतो. चालेल, पाय त्याचे आहेत. पण त्याच बादलीत सरबताच्या बाटल्याही गार करतो आणि जाणाऱ्या येणाऱ्याला देतो. मी हे डोळ्यांनी बघितलंय. त्याचा पंखा केसही असे उडवतो की शिवायला घेतलेल्या एका पडद्याच्या शिवणीत मला कुणाची तरी मिशी सापडली.

बाळ्या येऊन गेला. पुन्हा तेच पालुपद, की आई, ही घाण किती दिवस सोसणार. त्याच्या नव्या घरी माझ्यासाठी खोली तयार आहे. मे संपता संपता इथली किल्ली मालकाला परत द्यायची, असं तो बोलूनही आलाय. एकदा किल्ली दिली की ही खोली पुन्हा मिळायची नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुझा विचार कळव.

उन्हात फिरू नकोस. माया आहेच, पत्रातून थोडी दिसू दे.

तुझी,
अक्का


१९ एप्रिल

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना मी इतकी हसले की यजमान बघायला आले. ती मिशी कुणाची ते कळलं का? न्हाव्याला विचार, गिऱ्हाईक शोधत असेल बिचारं.

आमच्याकडे वेगळं काही नाही. नळाला पाणी येतं, माझ्या कानाला आवाज येत नाही, एवढंच.

आता तुझ्या प्रश्नाचं. अगं, गेली तीस वर्षं तू त्या जिन्याला नावं ठेवते आहेस. इतकी किळस येते तर जा की लेकाकडे. खोली आहे, गारवा आहे, सून गुणी आहे. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात मला पुन्हा माश्यांचं पुराण वाचावं लागेल.

लोभ कमी करू नये, बाकी सगळं कमी झालं तरी चालेल.

तुझी,
चिंगी


६ मे

चि. सौ. चिंगीस,
अ. उ. आ.

तू म्हणालीस म्हणून मी बाळ्याकडे आले. आठवडा झाला. किल्ली अजून माझ्याकडे आहे, महिनाअखेर तो देऊन येईल. मशीन तिकडेच आहे. त्याला गिऱ्हाईक बघणार आहेत.

इथे सगळं फार छान आहे. खोली छान आहे. खिडकीला मोठी काच आहे, ती उघडत नाही, त्यामुळे धूळ येत नाही. कसलाच वास येत नाही. लिफ्ट आहे, त्यामुळे जिन्यात कुणी बसत नाही. लिफ्टमध्ये माणसं भेटतात, ती वरच्या आकड्यांकडे बघत असतात. छान माणसं आहेत.

सूनबाई सकाळी कामावर जाताना माझं जेवण डब्यात भरून ठेवते. डब्यावर चिठ्ठी चिकटवते. मुलगी फार चांगली आहे. शिवणकामाचं विचारलं तर म्हणाली, आता कशाला हात दुखवून घेता. बरोबरच आहे.

दुपारी मी खुर्चीत बसते. वेळ छान जातो. तुझी काळजी घे, माझी करू नकोस.

अक्का


१२ मे

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.

सोबत तुझ्या आईचं पत्र पाठवते आहे. दोनदा वाच. मी ते वाचलं आणि तशीच तुला लिहायला बसले.

तू म्हणशील, यात वाईट काय आहे? तेच तर. एकही वाईट शब्द नाही. बाळा, तू आमच्या आईला फारसं पाहिलं नाहीस. तिला एखादा माणूस नको असला की ती म्हणायची, फार चांगला आहे, आणि पुन्हा त्याचं नाव काढायची नाही. तुझ्या काकांना, म्हणजे माझ्या यजमानांना, पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली होती की कान सुपाएवढे आहेत आणि जेवताना बैलासारखा आवाज करतो. तेव्हाच मी ओळखलं की लग्न ठरलं. आम्ही दोघी तिच्याच मुली. ज्यात जीव अडकलाय त्यालाच आम्ही नाकं मुरडतो.

मी तिला थट्टेत जा म्हटलं आणि ती खरंच उठून गेली. मला ते आधी कळायला हवं होतं. तुझा हेतू चांगला आहे, त्यात शंका नाही. पण किल्ली देऊ नकोस. तिला काही विचारूही नकोस, ती छानच म्हणेल. तिला एकदा त्या सलूनसमोर नेऊन उभी कर आणि तिचं तोंड बघ.

सूनबाईला आशीर्वाद. रागावलास तरी माझा भाचाच राहशील.

मावशी


१८ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

खरं सांगतो, तुझं पत्र वाचून आधी रागच आला. आईसाठी ठेवलेल्या खोलीला मी स्वतः रंग दिला होता. आई आली, रंग बघितला, छान आहे म्हणाली. मी खूश झालो होतो.

रविवारी तिला घेऊन गेलो. रिक्षातून उतरताच तिनं नाकाला रुमाल लावला. न्हाव्याला सांगितलं की त्याच्या टॉवेलला मेल्या उंदराचा वास येतो. तो एवढा हसला की गिऱ्हाइकाच्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आला. जिन्यात ती पायरीपायरीवर बोलत होती. खोली उघडली, तर शी, काय कोंदट वास, म्हणाली. मग मशीनवरची धूळ हातानंच पुसली आणि तिथे बसली. मी खाली जाऊन पाणी घेऊन आलो तरी ती तशीच बसली होती. डोळे पुसत होती. मला म्हणाली, धूळ गेली.

मालकाला मी नाही म्हणून कळवलंय. आई तिथेच राहिली.

निघताना मात्र म्हणाली की आमच्याकडचं पाणी बेचव आहे आणि सूनबाईच्या भाजीत मीठ कधीच नसतं. घरी येऊन भीत भीत बायकोला सांगितलं. तिला तुझं पत्र आधीच वाचायला दिलं होतं. ती म्हणाली, चला, म्हणजे आई येत राहतील.

आशीर्वाद असू द्यावेत, आणि अधूनमधून कानउघाडणीही.

बाळ्या


२५ मे

चि. सौ. चिंगीस,
अ. उ. आ.

कुठे येऊन पडले गं मी! मी नव्हते त्या दिवसांत या लोकांना कुणी बोलणारं नव्हतं, त्यामुळे सगळी गल्ली उकिरडा झाली आहे. पायऱ्यांवर कलिंगडाच्या बियांचा सडा. नर्सचं पाणी आता माझ्या अंथरुणावर ठिबकतं, कारण तिनं नवी दोरी बांधलीय. भांडायला वर गेले तर चहा पाजला. पाणचट होता, कपाला साबणाचा वास. रात्री सगळे गच्चीवर झोपतात. एकाचा घाम दुसऱ्याला, आणि मध्ये मी. कोण घोरत होतं कुणास ठाऊक, डोळा लागला तो थेट ऊन तोंडावर आल्यावर उघडला.

बाळ्या दर रविवारी येतो म्हणाला आहे. परवा सूनबाईपण आली, भाजी घेऊन. या वेळी मीठ इतकं की तोंड खारट झालं. तिला तसं स्पष्ट सांगितलं. हसत होती. या मुलीला लाज म्हणून नाही.

काल दुपारी उन्हानं जीव नकोसा झाला, म्हणून पडदे पोचवून सलूनच्या बाकावर टेकले. न्हावी बादलीत पाय सोडून बसला होता. पाय वर काढले, त्यांच्या खालून बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली. वर म्हणतो, अक्का, पुसून देतोय हां. कशानं पुसली ते मी बघितलं नाही. प्यायले. शी! पुन्हा तोंडाला लावणार नाही, असं त्याला ठणकावून सांगितलं, तर म्हणाला, मग उद्या लिंबाची ठेवतो.

लिंबाची तरी बरी असेल का, देव जाणे. जीव लावून असावे, आणि तुमच्या त्या पुचाट पंख्याखाली झोपू नये.

तुझी,
अक्का