आमटीतला गूळ आणि कॉलनीचा हॉल

सोम., १० जुलै १९९५
झाली एकदाची! कॉलनीच्या हॉलमध्ये आमची खानावळ सुरू. पाच रुपयांत भात, आमटी, भाजी. कॉलनीमागच्या कारखान्यांची युनिटं बंद पडल्यापासून कामगारांच्या घरी चूल एकच वेळ पेटते. वरच्या मजल्यावरची कॉम्प्युटर कंपनीतली पोरं बिस्किटांवर जगतात. सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं, हे मीच मीटिंगमध्ये ठासून सांगितलं. सेक्रेटरी राव म्हणाले, "पंधरा दिवस बघू. नाहीतर हॉल क्लासवाल्याला भाड्यानं." बघाच! समोरची तेलुगू लक्ष्मम्मा (ह्यापुढे ल.; मला 'वदिना', म्हणजे वहिनी म्हणते) आणि मी स्वयंपाकाला. आमटी माझी. लोक मुकाट जेवून गेले. मी खूश.

बुध., १२
काल निम्मे आले, आज मोजून चार टाळकी. डाळ टोपभर उरली. शेवटी ल.ला कोपऱ्यात गाठलं. खरं सांग. पदर तोंडाला लावून हसायला लागली. "वदिना, पप्पू में गुड़ कायकू डाले? लोगां पायसम समझे!"
अगं बाई! पप्पू म्हणजे तिच्या भाषेत डाळ. माझा पुण्याचा हात. गुळाशिवाय माझी डाळ उतरतच नाही. आधी का नाही बोललीस? तर म्हणे, "आप इत्ती खुशी से डाल रे थे."
भयंकर रागावले. मग दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

शुक्र., १४
सकाळी बेगम बाजार. चिंच, लाल मिरच्या, तांदूळ. येताना ऑटोत पोतं खाली, पाय वर. आजपासून डाळ ल.ची, भाजी माझी. युनिटमधून कमी केलेला यादगिरी दोनदा डाळ मागून म्हणाला, "अब आया मजा!" जेवून आपणहून हॉल झाडला.

बुध., १९
रांग थेट जिन्यापर्यंत!! यादगिरीला पंगतीत शेजारी बसलेल्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं त्याच्या ऑफिसात वॉचमनच्या जागेबद्दल विचारायचं कबूल केलंय. एवढी वर्षं एका जिन्यानं येतजात होते, नाव ठाऊक नव्हतं एकमेकांचं. आज मला हवेत असल्यासारखं वाटतंय.

शनि., २२
उद्या मीटिंग. क्लासवाला म्हणे भाडं वाढवून देतोय.
दुपारी राव डोकी मोजायला आले. बघतात तर त्यांच्या आई पंगतीत, यादगिरीशी गप्पा रंगलेल्या! घरी एकटीला घास उतरत नाही, ही रावांचीच रड. आईंनी न बघताच शेजारची चटई थोपटली. "कूर्चो." बस म्हणजे बस. राव बसले. भोपळ्याची भाजी दोनदा घेतली. तिच्यात मी गूळ घातलाच होता, हा!


रवि., २३
सहाला मीटिंग. राव कुणाच्या बाजूनं हात वर करणार, देव जाणे. मघाशी ल. दारात. "वदिना, कल के वास्ते चने भिगाऊँ क्या?"
म्हटलं, भिजव. मोठ्या पातेल्यात भिजव.