आईच्या गालावरचा खळगा

१४ एप्रिल

चि. धांदल्यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आईचं मेणातलं शिल्प आज सुतारकाकांबरोबर कापसात बसवून पाठवलं आहे. तू कलाशाळेत पहिल्या वर्षी केलेलं. आई गेल्यावर निदान कपाटातून ती आमच्याकडे बघत होती. आता तो खण भकास दिसतो.

ओतताना साच्यातलं मेण वितळून जातं आणि त्या जागी ब्रॉन्झ भरतं, असं तू म्हणालास. म्हणजे काम फसलं तर तेलही गेलं, तूपही गेलं. धास्ती वाटते, खोटं कशाला सांगू? तुझ्या हल्लीच्या मूर्तींना नाकडोळे नसतात, हिचे तेवढे शाबूत ठेव.

लोभ वाढला नाही तरी चालेल, आटू नये.

तुझी ताई

२९ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आई सुखरूप पोचली. तिला पाहून कलाशाळेतले सर आठवले. नाकडोळे कुणीही करील, माणसाचा भार कुठे टेकतो ते पकड, असं ते म्हणायचे. त्यांचं ऐकून मी चेहरे सोडले. आईला समोर बसवून केलेलं हे एकच. ती अर्ध्या तासात कंटाळून उठायची, म्हणून डावा कान अजून अर्धवट आहे. तो तसाच ठेवतो.

साच्यात घालण्याआधी मेणावर डाग ठेवायचा नाही, हीही सरांचीच शिस्त. डाव्या गालावर खळगा पडला होता, तो ताज्या मेणाने बुजवला. उद्या भट्टी पेटेल.

काळजी नसावी, लोभ असू द्यावा.

तुझा धांदल्या

५ मे

चि. धांदल्यास अनेक आशीर्वाद.

अरे, तो खळगा आईच्या अंगठ्याचा होता. एका उन्हाळ्यात मेण मऊ होऊन गाल ओघळला, तो तिने दाबून जागेवर बसवला. तू रागावशील म्हणून मला गप्प राहायला सांगितलं. मीही इतकी वर्षं मूग गिळून बसले. तिच्या हाताची तेवढी एकच खूण उरली होती. तुझा दोष नाही, पण दोन दिवस घास गोड लागत नाही.

ताई

१८ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा ब्रॉन्झ निवलं होतं. ओतकाम उत्तम झालं, गाल गुळगुळीत. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या सफाईची लाज वाटली.

काल आतली माती काढायला मानेखालून हात घातला. मेणाचं शिल्प आतून पोकळच होतं, ओतण्याआधी त्यात ही माती भरली होती, आणि खळगा मी फक्त बाहेरून बुजवला होता. डाव्या गालामागे बोटाला खड्डा लागला, वाकलेल्या बोटाएवढा. नुसत्या अंगठ्याने मऊ मेण आत गेलं असतं, म्हणून आईने आतून बोटाचा आधार दिला असणार. ते जसंच्या तसं धातूत उतरलं आहे. मी तिथेच जमिनीवर बसून रडलो.

माझं बोट जाड, अर्ध्यावरच अडकतं. तुझी बोटं तिच्यासारखी. सुतारकाका ब्रॉन्झ घेऊन निघाले आहेत. तेवढा खण पुसून ठेव, आणि बोट बसलं की दोन ओळी टाक.

लोभ आहेच.

धांदल्या