आखूड पायांविषयीचे असत्य

स्वस्ति श्री सकलखाडीजलविहारदक्ष, भरती-ओहोटीगणितविशारद, उभयतीरप्रवासीजनतारक, तरीचे अनभिषिक्त अधिपती, आणि इतकी बिरुदे लावूनही 'बाबा' म्हटल्यावाचून जे कधी ओ देत नसत, असे आपण,

बाबा, नव्व्याण्णव साली मी पदवीधर झालो आणि हवाई दलात वैमानिक अधिकारी होण्यासाठी अर्ज केला. तो अर्ज आपण खाडीपार माणसे नेणाऱ्या आपल्या तरीच्या होडीत बसून मला मोठ्याने वाचायला लावलात. "विमानाला सुकाणू असतंय काय रे?" आपण विचारलेत. असते, असे म्हणताच मुद्रा प्रसन्न झाली. "मग तुला शिकायचा काय बाकी नाय." त्या दिवसापासून पैलतीरी उतरणाऱ्या प्रत्येक मासळीवालीला माझी नियुक्ती जवळजवळ झाल्याचे कळवण्यात आले.

सुकाणूचा दांडा आपण माझ्या हाती दिलात तो आठव्या वर्षी. मी उजवीकडे वळायचे म्हणून दांडा उजवीकडे ओढतो, होडी डावीकडच्या चिखलात शिरते, आणि आपण गरजता, "मेल्या, उजवीकडं जायचाय ना? मग दांडा डावीकडं लोट!" वर्षभरात हात शिकला. पुढे त्याला विचारावेही लागेना.

निवड केंद्रावर चार दिवस मी लिहिले, बोललो, दोरावरून यथाशक्ती लोंबकळलो. मग यंत्रपरीक्षा. ती आयुष्यात एकदाच देता येते; अनुत्तीर्णास पुनर्जन्म नाही. पडद्यावर एक ठिपका पळतो, त्याला दांड्याने चौकटीच्या मध्यभागी राखायचे. नियम बालबोध: जिकडे दांडा, तिकडे ठिपका. मी ठिपका उजवीकडे नेण्यासाठी दांडा डावीकडे लोटला. ठिपका डावीकडे, चौकटीबाहेर गेला. पुन्हा तेच. त्याच दुपारी मला परतीचा मार्ग दाखवण्यात आला.

आपण धक्क्यावर उभे होतात. "काय झाला?" आपल्या हातचे वळणच मला घेऊन बुडाले, हे सांगण्याचे धैर्य माझ्यापाशी नव्हते. म्हणालो, "वैद्यकीय तपासणीत गेलो. पाय दोन बोटे आखूड भरले." वैमानिकाच्या पायांचे माप घेतात, हे सत्य होते, माझ्या पायांवर ती वेळ आलीच नव्हती.

आपण स्वतःच्या पायांकडे पाहिलेत. पोटऱ्यांपर्यंत खाडीचा चिखल होता. "आमचेच गेले तुझ्यावर. माझ्या आजाचे पण असेच होते." मग, "माफ कर हां, बाबू."

आपण माझी माफी मागितल्याचा तो एकमेव प्रसंग, आणि तोही निराधार. पुढे तरीवर सांगत राहिलात, "पोरगा हुशार, पण पाय माझे लागले." एक मासळीवाली म्हणाली, "मग त्याच पायांनी आमाला इतकी वर्सं पार कशी नेलीत हो?" सगळी होडी हसली. आपण हसला नाहीत. एक दुःख चुकवावे म्हणून मी आपल्याला दुसरे दिले, आणि ते आपण शेवटपर्यंत वाहिलेत.

आता उर्वरित सत्य. त्या परीक्षेआधी सरावास काही मिनिटे मिळत होती. हाताची खोड मला तेव्हाच कळली होती. इतर उमेदवार आपापल्या खोडी मोडत बसले होते. मी मात्र आपल्याला विजयवार्ता कोणत्या शब्दांत सांगावी, ते वाक्य मनात रचत होतो. त्यात एक समास बसेना. तो बसवता बसवता सराव संपला. तेव्हा बाबा, आपले पायही निर्दोष आणि आपली शिकवणही. असल्या माणसाला सरकारने विमान दिले नाही, संस्कृतचा प्राध्यापक होऊ दिले, यात राष्ट्राचे हितच झाले. हे आपल्या हयातीत धक्क्यावर उभे राहून दोन मिनिटांत सांगता आले असते. आज कागदावर उतरवले, तरी टपालात टाकण्याजोगे नाही.

तूर्त एक किरकोळ तक्रार. आपण त्या वर्षी बाजारातल्या शिंप्याला सांगून ठेवलेत, "पोराचे पाय आखूड, टेपेवर जाऊ नको." त्याने ते वेदवाक्य मानले. तेव्हापासून माझी प्रत्येक विजार घोट्याच्या वर थांबते. टेप दाखवली तर म्हणतो, "सर, तुमच्या बाबांनी सांगितलंन आहे," आणि खरे कारण सांगायला माझी जीभ वळत नाही. परवा महाविद्यालयात माझा सत्कार आहे. नवी विजार आज आली. खाली बसलो की दोन्ही मोजे दिसतात, आणि त्यांतला एक तपकिरी आहे.