तुझ्यावाचून जिंकलेली फायनल

दिंद्रुड

प्रिय विश्वनाथ,

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. दुधाच्या सेंटरवर सकाळ-संध्याकाळ आपण समोरासमोर, लिहायचं कशाला? पण आज कंपनीचा साहेब येऊन गेला, आणि तो जे बोलला ते ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. वहिनींना सांगावं, तर त्या आत्ता कुठे चार घास खायला लागल्यात. म्हणून तुलाच सांगतो.

साहेबानं फॅट बघितली, कॅन बघितले, चहा घेतला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बिरूभाऊ, मानलं तुम्हाला! शेठ गेले, पण सेंटरला काही जाणवलंच नाही." कौतुकानंच म्हणाला रे. मला मात्र वाटलं, हातातलं कॅनचं झाकण त्याच्या डोक्यात घालावं. जाणवलंच नाही? तू गेलास, आणि जाणवलंच नाही?

मग विचार केला, खोटं तरी काय बोलला तो! तू गेलास त्या सकाळीसुद्धा दूध गेलं. पहाटे तुझ्या छातीत कळ आली, आम्ही जीपनं बीडचा रस्ता धरला, आणि वडवणीच्या अलीकडेच तू माझ्या मांडीवर मान टाकलीस. तुला घेऊन परत आलो तर सेंटरवर रांग लागलेली. युनूस रडत रडत माप घेत होता, पण घेत होता. मी त्याच्या अंगावर ओरडलो, "आज तर बंद ठिवायचं की बे!" तर म्हणतो कसा, "त्यानंच शिकवलंय ना बिरू. म्हशी काय सुतक पाळत्यात व्हय?" टेम्पो वेळेवर सुटला.

हे सगळं तुझंच शिकवणं. आणि तू ते कुठं शिकलास, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. बीडच्या त्या मैदानावर!

जिल्ह्याची फुटबॉलची फायनल. आपण दिंद्रुडची पोरं, समोर वडवणी. तू मधला फॉरवर्ड, मी डाव्या बाजूला. आधीच्या मॅचांना कुणी काही विचारलं नव्हतं, पण हा पंच कडक निघाला. तुझ्या गळ्यातलं इष्टलिंग बघितलं आणि म्हणाला, गळ्यात काही चालणार नाही, काढा. तू म्हणालास, दंडाला बांधतो. तेही नाही. सगळ्यांची तोंडं उतरली. मी आपला मेंढरांमागं वाढलेला, मला काय कळतंय! म्हणालो, "इस्वनाथा, दे माझ्याकडं. चड्डीच्या खिशात ठिवतो घंटाभर."

तू कपाळावर हात मारलास. "खिशात ठिवायची चीज हाय का बे ती? जन्मल्यापासून अंगावर हाय. मी भाईर बसतो. युनूस, तू हो मधी."

सायकलची पंक्चर काढणारा आपला युनूस, तोवर पाणी द्यायलाच यायचा! आम्ही घाबरलो. सवयीनं मी कितीदा तरी चेंडू तू असायचास तिथं मारला, आणि तिथं कुणीच नसायचं. तू रेषेबाहेरून घसा फोडत होतास, "चेंडूकडं बघू नका बे, मोकळं कोण हाय ते बघा!" हळूहळू आम्ही बघायला लागलो. शेवटी मी दिलेल्या चेंडूवर युनूसनं गोल मारला. आपण जिंकलो.

परत येताना टेम्पोत पोरं बोंबलत होती. शील्ड तुझ्याच मांडीवर ठेवली होती, आणि तू बाहेर ज्वारीच्या रानाकडं बघत होतास. मी विचारलं नाही. आज विचारतो. तुला तेव्हा वाईट वाटलं होतं का रे? तुझ्यावाचून जिंकलो, हे कुठंतरी लागलं होतं का?

दुसऱ्या दिवशी मात्र तू हसतच आलास. "आता आपली टीम झाली बे. एका माणसावाचून अडती ती वरात, टीम न्हाई."

पुढं सरकारनं खाजगी डेअऱ्यांना वाट मोकळी केली. तुझ्या वडिलांना तू कापडाच्या दुकानात गादीवर हवा होतास, आणि तू माझ्यामागं आमच्या वस्तीवर म्हशी मोजत फिरलास! वाण्याचं पोर दूध गोळा करतंय म्हणून बाजारात लोक हसले. तू कामाला घेतलंस कुणाला? त्याच टीमला. आज फॅट काढणारा उद्या माप घेणार, माप घेणारा टेम्पोवर जाणार. कुणी कुणाच्या कामाला अडू नये म्हणून. एकदा कंपनीनं नासलेलं दूध परत पाठवलं, तेव्हा सगळे मिळून टेम्पोवाल्याला धुवायला निघाले होते. तू आडवा झालास. "गोलकीपरला काहून शिव्या देता? चेंडू तुमाला सगळ्यांला चुकवून आलाय." मग कळलं, कॅन धुण्यापासूनच घोळ होता.

आणि मधूनच एखाद्या सकाळी तू लिंबाखाली स्टूल टाकून बसायचास. कशालाही हात लावायचा नाहीस, विचारलं तरी बोलायचा नाहीस. "आज मी भाईर," एवढंच. आम्ही चिडायचो. तू कशाची तालीम करून घेत होतास, हे आम्हाला कसं कळावं?

तू गेलास त्या दुपारी तुला शेतात नेलं. तुम्हा लिंगायतांत बसवून पुरतात, हे मला ऐकून माहीत होतं, बघितलं कधी नव्हतं. भस्म लावून, मांडी घालून तुला खड्ड्यात बसवलं, हातात तेच लिंग. मला एकदम वाटलं, हा आजही बाहेर बसलाय. आता डोळे उघडील आणि ओरडेल, मोकळं कोण हाय ते बघा! मला तिथं उभं राहवेना. माती लोटतानाच मी बांधाकडं निघून गेलो.

माझा राग आहे तुझ्यावर, विश्वनाथ. इतकं नीट कशाला शिकवलंस? थोडं तरी अर्धवट ठेवायचं! एखादं कुलूप तुझ्याशिवाय उघडलं नसतं, एखादा दिवस रांग खोळंबली असती, तर लोकांनी तुझं नाव काढून हळहळ तरी केली असती. तू गेलास आणि गावाला त्याच वेळेला चहात दूध मिळालं. मी एकटाच कॅनांच्या आड तोंड घालून रडतो. हे बरोबर आहे का?

तर तुला शब्द देतो. सेंटर एक दिवसही बंद पडू देणार नाही, आणि माझ्यावाचूनही चालेल असंच ठेवीन.

पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, वडवणीच्या जुन्या गड्यांबरोबर आपली दरसालची मॅच आहे. पोरांनी तुझ्या जागी शाळेच्या मास्तरांना घ्यायचं ठरवलं होतं. मी मोडता घातला. म्हणालो, दहाच उतरायचं. युनूस म्हणाला, "हरू की बे!"

हरू. लई गोल खाऊन हरू. तुझ्यावाचून दिंद्रुड हरलं, हे एकदा तरी सगळ्या गावाला दिसू दे.

तुझ्या डाव्या बाजूला उभा,
बिरू